बीडच्या खरादीवर दोन दिवस

जालन्याहून सकाळी साडेसातच्या एस.टी.ने आम्ही निघालो. आम्ही दोघे आणि नुकतीच दहावीत गेलेली आमची लेक. पिशवीत बीडच्या फुफूंसाठी घेतलेली मोसंबी, दोन दिवसांचे कपडे आणि जुन्या ओढणीत गुंडाळलेला बाजेचा एक पाय. पिशवी कंडक्टरच्या पायाला लागली तेव्हा त्याने विचारले, "यात मुसळ आहे का?" आम्ही म्हटले, "बाजेचा पाय आहे. त्याचे पेन करायला चाललोय." त्याने एकदा पिशवीकडे, एकदा आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता तिकिटे दिली.

ही बाज आमच्या दादाजानची. ते निजामाच्या अमलात शिकले. त्या वेळी मुलांना वही मिळत नसे. लाकडी तख्ती मुलतानी मातीने सारवायची, उन्हात वाळवायची आणि बोरूच्या कलमाने तिच्यावर अक्षर गिरवायचे. पुढे अब्बांना आणि फुफूंना दादाजाननी अंगणात याच बाजेवर बसवून अलिफ-बे शिकवले. कलमाचे टोक ते स्वतः चाकूने तिरपे कापून द्यायचे. टोक बिघडले की अक्षर बिघडते, मुलाला रागवून उपयोग नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

दादाजान गेल्यावर बाज गच्चीवर पडून राहिली. सुंभ कुजले, एक गात मोडला. घराच्या दुरुस्तीत तिचे तीन पाय पाणी तापवण्याच्या बंबात गेले. चौथा फुफूंनी नजरेस पडताच उचलून ठेवला. त्याच फुफूंचा एप्रिलमध्ये फोन आला: "आमच्या मोहल्ल्यातले खरादी चाचा आता जुन्या लाकडाची पेने करतात. पोरगी दहावीत जातेय ना? तो पाय घेऊन या."

आपल्या घरांत कलमाचे मोल वेगळे सांगायला नको. पहिल्या वहीतच कलमाच्या जोरावर मिळालेल्या इल्मचा उल्लेख आहे आणि कुरआनातल्या अडुसष्टाव्या सूरहचे नावच 'अल-कलम' आहे. तरी खरे सांगायचे तर आमच्या घरात पेन म्हणजे दहा रुपयांची वस्तू. शाई संपली की कचऱ्यात. लाकडाचे पेन कसे होते, ते करायला काय शिकावे लागते, याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता.

दोरीची खराद

अंबड, वडीगोद्री, शहागड. शहागडच्या पुलावर गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. गेवराईनंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मे महिन्याची तापलेली काळी रानं आणि बांधावर बाभळी. ऊसतोडीला गेलेली माणसे परत आलेली होती. काही घरांपुढे टायरच्या बैलगाड्या जू टेकवून उभ्या होत्या. लाकडी चाकाची गाडी मात्र आम्हाला वाटेत एकही दिसली नाही. त्या चाकांचे काय झाले, ते दुपारी कळले.

चाचांची खोली जुन्या बीडमध्ये, बिंदुसरा नदीपासून थोड्या अंतरावर. दहा बाय बाराची. दार उघडताच लाकडाचा, तेलाचा आणि लाखेचा मिळून एक वास आला. चाचा साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. सलाम-दुआ झाली. चाची आतून पाणी घेऊन आल्या. चाचांनी ओढणी सोडून बाजेचा पाय हातात घेतला आणि आधी त्याची दोन्ही टोके पाहिली.

"दोरीवरचा आहे," ते म्हणाले.

आम्ही विचारले, कसे ओळखले? त्यांनी दोन्ही टोकांना असलेले निमुळते खळगे दाखवले. जुन्या खरादीत जमिनीवर दोन खुंट असत, त्यांना लोखंडी टोके. लाकूड त्या दोन टोकांमध्ये धरायचे, मधोमध दोरीचे वेढे द्यायचे आणि एकाने दोरी पुढे-मागे ओढायची. लाकूड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरे. कारागीर उकिडवा बसे, पटाशी हाताने धरी आणि पायाच्या अंगठ्याने आवळून स्थिर ठेवी. लाकूड आपल्याकडे फिरत असेल तेवढ्याच वेळात कापायचे; उलटे फिरू लागले की पटाशी मागे घ्यायची. मोटारीच्या लेथवर लाकडाच्या एका टोकाला दातेरी पकडीच्या खुणा राहतात. या पायाला तशी खूण नव्हती.

"दोरी कोण ओढायचे?" लेकीने विचारले.

चाचांनी आतल्या दाराकडे हात केला. "तुझी चाची. बारा वर्षे."

मराठीत या कारागिराला कातारी म्हणतात, आपल्या घरांत खरादी. चाचांच्या वडिलांनी आणि त्यांनी लाटणी, रव्या, भोवरे, पांगुळगाडे, पाळण्याचे दांडे आणि बाजेचे पाय केले. मग स्टीलच्या रव्या आल्या, प्लॅस्टिकचे भोवरे आले, लोखंडी पलंग आले. चाचांनी मोटारीची खराद घेतली, पण तोवर गिऱ्हाईकच उरले नव्हते. मधली काही वर्षे त्यांनी सुताराच्या हाताखाली चौकटी घासल्या.

बीड हे हातकामाचे गाव होते, हे आज सांगितले तर खरे वाटत नाही. निजामाच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये बीडच्या दोन वस्तूंची नावे येतात: छागल म्हणजे पाणी नेण्याची कातडी पिशवी, आणि गुप्ती म्हणजे आत पाते लपवलेली काठी. गुप्तीचे नाव निघताच चाचा हसले. "काठी आतून पोकळ करून तिच्यात पाते बसवायचे. आम्ही आता लाकूड पोकळ करून त्यात शाई बसवतो. काम तेच. फक्त कुणाला दुखापत होत नाही."

फुटलेली पेने

पेनाचे काम चाचांना त्यांच्या भाच्याने शिकवले. तो पुण्यात एका कारखान्यात लेथवर काम करतो आणि महिन्यातून दोनदा गावी येतो. आम्ही गेलो त्या दिवशी तो आलेला होता. चाचा त्याला आमच्यासमोर दोनदा 'उस्ताद' म्हणाले आणि तो दोन्ही वेळा खाली पाहू लागला. चाळीस वर्षे पटाशी धरलेल्या माणसाला पंचविशीतल्या पोराकडून शिकणे जड गेले नाही का, असे आम्ही विचारलेच. चाचा म्हणाले, "हाताला जड गेले नाही. पायाला गेले. उभे राहून काम करायचे, म्हणजे पाय रिकामे. पहिला महिनाभर कळेचना, त्यांचे काय करू."

खरी परीक्षा पुढे होती. दोन वर्षांपूर्वी एका शाळेने बक्षीस समारंभासाठी चाळीस पेने सांगितली. चाचांनी वखारीतून बाभळीचे लाकूड आणले. हाताला कोरडे लागले. ऐन पावसाळ्यात पेने झाली, आरशासारखी चमकली, वाटली गेली, सगळ्यांनी वाहवा केली. पुढच्या एप्रिलमध्ये एक मुलगा पेन घेऊन दारात आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी चीर. मग दुसरे आले, मग तिसरे. एकूण अकरा पेने फुटली.

कारण समजायला सोपे आहे. पेनाच्या लाकडात आत पितळेची पातळ नळी चिकटवलेली असते. रिफिल त्या नळीतून जाते. लाकूड वाळत गेले की आकसते, आणि तेही लांबीत फारसे नाही, रुंदीत. पितळ मात्र आकसत नाही. बाहेरचे लाकूड आत यायला बघते, आतली नळी जागा देत नाही, आणि शेवटी लाकूड फाटते. लाटणे भरीव असते, त्यात आत अडवणारे काही नसते. म्हणून लाटण्याला चालून गेलेली ओल पेनाला चालत नाही.

शाळेने काही मागितले नव्हते. चाचा स्वतः मुलांच्या घरी गेले, फुटलेली अकरा पेने परत घेतली आणि प्रत्येकाचे पैसे दिले. चाची आतून म्हणाल्या, "त्या महिन्यात घरात गोश्त आले नाही." चाचा म्हणाले, "आले होते, एकदा." तेवढ्यावर तो विषय संपला. फुटलेली पेने त्यांनी फेकली नाहीत. खिडकीवरच्या डब्यात ती अजून आहेत. नवे काम घेताना आधी तो डबा दिसतो.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे खोलीत वजनकाटा आला. पेनाएवढे कापलेले प्रत्येक लाकूड महिन्यातून एकदा काट्यावर ठेवायचे आणि वजन पेन्सिलीने त्याच्यावरच लिहायचे. आम्ही एक उचलून पाहिले: ५४, ४८, ४५, ४४, ४४. पुढच्या महिन्यात वजन घटले नाही, म्हणजे आतली ओल बाहेरच्या हवेइतकी झाली. त्याआधी त्या लाकडाला हात लावायचा नाही. कापल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण लावायचे, कारण टोके लवकर वाळतात आणि तिथूनच तडे सुरू होतात. बीडच्या उन्हाळ्यात तर लाकूड उन्हात ठेवायचेच नाही. सावलीत, वारा लागेल असे रचायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे जुने लाकूड. टायरच्या गाड्या आल्यावर खेड्यापाड्यांत लाकडी चाके गोठ्यामागे पडून राहिली. चाचा ती विकत घेतात. बाभळीचे चाक, तीस-चाळीस वर्षे ऊन-पाऊस खाल्लेले; त्याला जे आकसायचे ते केव्हाच आकसून झालेले असते. चिंचेच्या जुन्या खोडाचा गाभा मिळाला तर तो गडद, जांभळट तपकिरी निघतो. बोरीचे लाकूड तांबूस आणि घट्ट. कडुनिंबाचे दिसायला छान, पण त्याचे तंतू एकमेकांत उलटसुलट गुंतलेले. पटाशी जरा बोथट झाली की तंतू कापले न जाता उपटले जातात. "आणि आमचे बीडचे सीताफळ?" आम्ही विचारले. "ते खायचे," चाचा म्हणाले. "लाकूड मऊ असते."

एक चीर, एक खिळा

आमच्या पायातून पेनाची किती लाकडे निघतील? आम्हाला वाटले होते, सहा-सात तरी. चाचांनी पाय उलटसुलट करून पाहिला. वरच्या जाड भागात गाते बसवण्यासाठी दोन बाजूंनी भोके पाडलेली, तेवढा भाग गेला. खालची कमर बारीक कातलेली, तीही गेली. शेवटी दोनच चांगली लाकडे निघाली. त्यातल्या एकाच्या टोकाशी जुना खिळा गंजून बसलेला होता आणि त्याच्याभोवती लाकूड शाईसारखे काळे झाले होते. बाज डुगडुगू लागल्यावर दादाजाननीच तो कधीतरी ठोकला असणार.

भाच्याने आधी स्वच्छ दिसणारे लाकूड घेतले. मशीन सुरू करण्याआधी चाचांनी लेकीला ओढणीची दोन्ही टोके मागे बांधायला लावली, तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवला आणि तिला एक पाऊल मागे उभे केले. फिरत्या खरादीजवळ सैल कपडा म्हणजे संकट, हे त्यांचे पहिले वाक्य. मशीन त्यानंतरच सुरू झाले.

पेनाच्या लाकडात सात मिलिमीटरचे सरळ भोक पाडायचे असते. ते घाईत पाडले तर गिरमिट तापते, भुसा आत दाटतो आणि लाकूड आतून तडकते. म्हणून भाचा बोटभरही पुढे न जाता गिरमिट बाहेर काढी, भुसा झाडी आणि पुन्हा आत घाली. शेवटी गिरमिट पलीकडे बाहेर पडताना लाकडाचा कपचा उडतो. त्यासाठी लाकूड मुद्दाम लांब ठेवायचे आणि भोक पुरते आरपार जाण्याआधीच थांबून जादा टोक कापून टाकायचे. जुन्या कामात यातले काही नव्हते. चाचा हे सगळे त्याच्याकडून शिकले आणि आता त्याच्यापेक्षा हळू करतात.

भोक पडले. चाचांनी लाकूड दाराच्या उजेडात धरून हळूहळू फिरवले आणि थांबले. केसाएवढी चीर. आम्हाला तर दाखवूनही दिसेना. भाचा म्हणाला, "मामू, पातळ गोंद सोडला की भरून निघेल. वरून दिसणारसुद्धा नाही."

"दिसणार नाही, हे मलाही ठाऊक आहे," चाचा म्हणाले आणि त्यांनी ते लाकूड बाजूला ठेवले.

खोलीत कुणीच काही बोलेना. आता एकच लाकूड उरले होते, तेही खिळ्याचे. ते फुटले असते तर दादाजानच्या बाजेचे काहीच हाती राहिले नसते. आम्ही म्हटले, "चाचा, हवे तर राहू द्या. आहे तसेच घरी नेतो." त्यांनी लेकीकडे पाहिले. ती म्हणाली, "करून बघा ना."

चाचांनी बारीक सांडशीने खिळा हलवत हलवत काढला. पाव तास लागला. खिळ्याचे भोक कापून टाकायच्या भागात आले, काळा डाग मात्र लाकडात खोल उतरलेला होता. चाचांनी तो नखाने दाबून पाहिला: घट्ट, कुजलेला नाही. मग त्यांनी सांगितले ते आम्हाला नवे होते. बाभळीत तुरटपणा असतो, त्याला लोखंड लागले की काळे होते. जुनी शाई याच रीतीने होई. हिरड्याचा तुरट काढा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचे मीठ. "म्हणजे या लाकडात आधीच शाई आहे," लेक म्हणाली. डाग कापून टाकू का, असे चाचांनी विचारले. तिने नको म्हटले.

या वेळी गिरमिट चाचांनी स्वतः चालवले. भोक नीट पडले. पितळी नळी बाहेरून पॉलिश पेपरने खरबरीत केली, कारण गुळगुळीत धातूला गोंद धरत नाही. तिच्या दोन्ही तोंडांत चाचीने मळलेल्या कणकेची गोळी बसवली, म्हणजे आत गोंद जाऊन रिफिलची वाट बंद व्हायला नको. मग गोंद लावलेली नळी फिरवत फिरवत आत सरकवली, सगळीकडे सारखा गोंद बसावा म्हणून. कुठे कोरडी जागा राहिली तर तिथेच पुढे लाकूड दगा देते. "हे कुणाला दिसत नाही," चाचा म्हणाले, "आणि पेन टिकते ते यावरच." गोंद रात्रभर वाळू द्यायचा होता.

संध्याकाळी फुफूंचा मुलगा आम्हाला शहराच्या दक्षिणेला खजाना बावडी पाहायला घेऊन गेला. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ही विहीर बांधून घेतली आणि राजा भास्कर नावाच्या जाणकाराने तिची रचना केली, असे सांगतात. जमिनीखालच्या वाटांनी पाणी विहिरीत येते आणि तशाच वाटेने खालच्या शेतांकडे जाते. वरून पाहिले तर एक गोल विहीर, बाकी काही नाही. आम्ही काठावर बसून बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिलो. चारशे वर्षांपूर्वी कुणी तरी जमिनीच्या आत, जिथे कुणी पाहायला येणार नाही, तिथे उतार नीट धरला होता. दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात त्या कामाची किंमत वेगळी सांगायला नको.

लाख, गोंद आणि मेण

दुसऱ्या दिवशी सकाळी कातकाम. लाकूड लोखंडी सळईत ओवले आणि दोन्ही बाजूंना मापाच्या कड्या बसवल्या. लाकूड त्या कड्यांच्या मापाला आले की थांबायचे. सळई मागून फार आवळली तर ती किंचित वाकते आणि पेन गोल न होता लंबगोल होते. चाचांची पहिली पाच-सहा पेने तशीच झाली होती. मोठे लाकूड सावकाश फिरवतात, पण पेन बारीक, म्हणून ते मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी फिरते. पटाशी लाकडात खुपसायची नाही. तिची उतरती बाजू आधी फिरत्या लाकडावर टेकवायची, मग मूठ हळूहळू उचलायची, धार लाकडाला लागेपर्यंत. नीट लागली की भुशाऐवजी बारीक सालपटांच्या फिती उडतात. बाभळीच्या त्या तांबूस फिती चाचांच्या दाढीत अडकल्या तेव्हा लेकीला हसू आवरेना.

सालपटे थांबली की घासकाम. १५० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, ३२०, ४००, ६००. नवशिक्या इथे फसतो. फिरत्या लाकडावर पेपर धरला की बारीक गोल रेघा पडतात, आणि पॉलिश चढले की त्याच रेघा उठून दिसतात. म्हणून प्रत्येक नंबरानंतर मशीन बंद करायचे, लाकडाच्या रेषांबरोबर लांबीत हाताने घासायचे, धूळ फडक्याने पुसायची आणि तिरप्या उजेडात पाहायचे. मधला नंबर गाळला तर पुढचे चार नंबर ती चूक भरून काढत नाहीत. चाचांनी मशीन पाच वेळा बंद केले. पाचही वेळा ते दारात गेले.

मग पॉलिश कशाचे, यावर मामा-भाच्यात जुना वाद आहे. चाचांचा जीव लाखेवर. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी ज्यांनी पाहिली असतील, त्यांना लाखेचा रंग माहीत आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबायची, घर्षणाने लाख वितळते आणि चढते, मग सुक्या पानाने घासून चमक आणायची. चन्नपट्टणला हे काम टिपू सुलतानाच्या वेळी इराणी कारागिरांकडून आले, असे सांगतात. खेळण्याला लाख उत्तम. पेन मात्र दिवसभर घामट हातात असते, उन्हात स्कूटरच्या डिकीत पडते. आणि स्पिरिटमध्ये विरघळवून चढवलेली चपडा लाख स्पिरिटनेच निघते, म्हणून सॅनिटायझरचा हात लागला की चमक जाते.

भाच्याचा भर झटपट गोंदावर. पातळ गोंदाचे आठ-दहा थर, प्रत्येक थर वाळू द्यायचा, शेवटी पाण्याबरोबर घासायचे. काचेसारखी चमक येते आणि टिकते. पण त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, दारे-खिडक्या उघड्या लागतात. आणि पेन पडून कोपरा उडाला तर तिथून ओल आत शिरते आणि पांढुरका डाग पडतो, तो सहजी दुरुस्त होत नाही. तिसरी रीत अळशीच्या तेलाची आणि मधमाशीच्या मेणाची. चमक मंद, वर्षाकाठी पुन्हा मेण लावावे लागते. पण लाकूड हाताला लाकडासारखे लागते आणि ज्याचे पेन त्याला ते घरी नवे करता येते.

दोघांनी वाद तोंडाने मिटवला नाही. तिन्ही रीतींची पेने करून चाचांनी वर्षभर स्वतःच्या खिशात बाळगली आणि प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख लिहिली. त्या पेनांनी बघून आता ते गिऱ्हाइकाला विचारतात: चमक हवी की स्पर्श? दुकानदारांना गोंदाचे लागते. घरच्या लाकडाचे असेल तर लोक मेणाचे घेतात. आमच्या लेकीने तिन्ही पेने डोळे मिटून हातात धरली आणि मेणाचे सांगितले.

खरादीवरच्या पेनाला आपल्या देशात इज्जत मिळालेली आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम हाताने खरादीवर एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची पेने करीत. त्यांचे स्वदेशी पेन जे. सी. कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोहोचले आणि १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून पत्र पाठवून ते पसंत पडल्याचे कळवले. ती पेने आजही मागवली जातात. चाचांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "निब कुठली होती?" आम्ही सांगितले, सुरुवातीची पेने निब परदेशी म्हणून मान्य झाली नव्हती, अशी गोष्ट सांगतात. चाचांनी मान हलवली. त्यांच्या पेनाची क्लिप आणि टोकाचा संचही बाहेरूनच येतो. "ते एक राहिलेय," ते म्हणाले.

दुपारच्या नमाजआधी पेन तयार झाले. तांबूस तपकिरी, आणि मधोमध तिरपा काळा ओघळ. चाचांनी नख लाकूड आणि धातूच्या सांध्यावरून फिरवले, कुठे अडत नाही ना ते पाहिले आणि लेकीच्या हातात दिले. सूचना तीनच: गाडीच्या काचेजवळ उन्हात ठेवायचे नाही, पाण्यात बुडवायचे नाही, रमजानआधी दरवर्षी मेणाचा हात द्यायचा. "आणि एप्रिलमध्ये फुटले," ते म्हणाले, "तर पैसे परत."

पैशांवरून बरीच हुज्जत झाली. फुफूंच्या नात्याने ते घेईनात. शेवटी चाचीने मध्ये पडून रास्त किंमत सांगितली आणि मोजून घेतली. आम्हाला तेच बरे वाटले.

वाचकांच्या घरीही असे एखादे लाकूड असेल: पाळण्याचा दांडा, तख्ती, मोडक्या पेटीची फळी. बंबात घालण्याआधी गावातला कातारी किंवा खरादी शोधा. तो पेन करत नसेल तर लाटणे करील, तस्बीहचे मणी करील. आणि विकतचे लाकडी पेन घ्यायचे असेल तर दुकानदाराला चमक किती टिकेल हे विचारू नका, लाकूड किती वाळवले ते विचारा.

परतीच्या एस.टी.त लेकीने वहीच्या मागच्या पानावर पहिली ओळ लिहिली. दादाजानचे पूर्ण नाव, उर्दूत. तिला उर्दू नीट येत नाही, एक अक्षर चुकले. तिने ते खोडले नाही, खाली पुन्हा लिहिले. शहागडच्या पुलावर गाडी हादरली तेव्हा तिने पेन बंद केले आणि ओढणीच्या त्याच जुन्या तुकड्यात गुंडाळून ठेवले. चीर निघालेले दुसरे लाकूड चाचांनी आम्हाला परत दिले आहे. इन्शाअल्लाह, त्याचे काय करायचे, ते फुफू ठरवतील.